भरतीच्या सरावाचं वेळापत्रक ग्रुपवर टाकताना एवढं बघा

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या मोबाईलमध्ये सरावाच्या वेळापत्रकाचे ढीगभर फोटो पडलेले असतात. कोणतं कुणासाठी, कितव्या आठवड्याचं, काही पत्ता नसतो. मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांना 1600 मीटर धावायचं असतं, मुलींना 800. मुलांचा गोळा 7.26 किलोचा, मुलींचा 4 किलोचा. म्हणजे भावाचं वेळापत्रक बहिणीला जसंच्या तसं चालत नाही. तीन महिने पळालेल्याचा तक्ता नवख्यानं पहिल्याच दिवशी धरला, तर नडगी भरून येते आणि ऐन तयारीत घरी बसायची पाळी येते.

त्यामुळे फोटोऐवजी टाईप करून पाठवावं. ते कॉपी करून ज्याला त्याला आपल्यापुरतं बदलता येतं. वरच्या ओळीत कुणासाठी, कितवा आठवडा ते लिहावं. विश्रांतीचा दिवसही लिहावा, नेमका तोच राहून जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर असा मेसेज 30 दिवसांपर्यंत पिन करता येतो.

शिकवणाऱ्याकडे पोरं जास्त असतील तर गूगल शीट बरं. लिंक एकदाच द्यायची, बदल केला की सगळ्यांना तोच दिसतो. फक्त लिंक देताना 'व्ह्यूअर' ठेवावं. 'एडिटर' राहिलं तर कुणाचं तरी बोट लागतं आणि चार फेऱ्यांच्या चौदा होतात.