वसुलीचा दावा आलाय, पण देणं मान्य नाही? मग गप्प बसू नका

कोर्टाचा माणूस समन्स घेऊन दारात उभा राहिला की घरातून पहिली सूचना येते, "सही करू नका, परत पाठवा!" भिलाईतल्या सेक्टरच्या क्वार्टरमध्ये असो की पुण्यातल्या फ्लॅटमध्ये, हा सल्ला सारखाच चुकीचा आहे. समन्स घ्यायला नकार दिलात तरी ते दारावर डकवता येतं आणि न्यायालय ते बजावलं गेलं असं धरू शकतं. दिवस तिथून मोजायला सुरुवात होते.

अर्थात प्रत्येक कागद समन्स नसतो. वकिलाची नोटीस वेगळी. वसुलीवाल्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला लाल शिक्क्याचा फोटो तर आणखी वेगळा. मोबाइलवर ई-कोर्ट्सचं सरकारी ॲप घ्या आणि १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक किंवा तुमचं नाव टाकून खटला शोधा. खात्री वाटली नाही तर समन्सवर ज्या न्यायालयाचं नाव आहे तिथे जाऊन विचारा. भिलाईकरांचं जिल्हा न्यायालय दुर्गला आहे.

खटला खरा निघाला तर आधी तो कोणत्या प्रकारचा आहे ते बघा. साध्या दिवाणी दाव्यात लेखी उत्तर ३० दिवसांत द्यायचं असतं, न्यायालय ती मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. समन्सवर 'आदेश ३७' लिहिलं असेल तर मात्र १० दिवसांतच हजेरी नोंदवावी लागते आणि बचाव करण्याची परवानगी पुढे वेगळी मागावी लागते. दुर्गला कागद हिंदीत असतात. आपण ज्याला कैफियत म्हणतो तो तिथे 'जवाबदावा', एकतर्फी म्हणजे 'एकपक्षीय' आणि मुदतीचा कायदा म्हणजे 'परिसीमा अधिनियम'. घरात मराठी बोलणाऱ्यांनी हे तीन शब्द तरी ओळखीचे करून ठेवावेत.

आता मुख्य गोष्ट. "हे सगळं खोटं आहे, मला मान्य नाही" एवढं लिहून भागत नाही. दिवाणी कायद्यात जो मुद्दा स्पष्टपणे नाकारला नाही, तो मान्य केला असं धरता येतं. म्हणून दाव्याचा एकेक परिच्छेद घ्या आणि त्याला उत्तर द्या. कर्ज घेतलंच नसेल तर करारावरची सही आपली नाही, असं लिहा. घेतलं असेल तर ते मान्य करा आणि वाद नेमका कुठे आहे ते सांगा: अमुक तारखेचे हप्ते जमेस धरलेले नाहीत, व्याजाचा दर करारातल्या दराहून जास्त लावला आहे, विम्याची रक्कम न विचारता कर्जात घातली आहे. सोबत पासबुक, पावत्या, बँकेचे मेसेज जोडा. सहकाऱ्याला जामीन राहिला असाल तर "मी नुसती सही केली होती" हा बचाव नाही. करारात वेगळं काही नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

समोरच्याकडे कॉम्प्युटरवर काढलेला हिशेब आहे म्हणून घाबरू नका. नुसत्या खातेवहीतल्या नोंदींवर कुणावर देणं बसवता येत नाही, जोडीला दुसरा पुरावा लागतो, असं पुराव्याचा कायदाच सांगतो.

महाराष्ट्रात या वह्यांवरून केवढं रामायण घडलंय! १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले. कोर्टात सावकार रोखा घेऊन हजर, शेतकरी अनेकदा गैरहजर, आणि हुकूमनामा एकतर्फी, हेही त्या रागामागचं एक कारण होतं. पुढे १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा आला आणि न्यायाधीशांनी रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासावा असं ठरलं. आज मात्र हिशेब कुठे चुकला ते तुम्हालाच दाखवून द्यावं लागतं.

जुन्या कर्जाबाबत आणखी एक पाहा. पैसे वसूल करण्याच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. "पाचशे रुपये भरा आणि या कागदावर सही करा, प्रकरण मिटवू" असा गोड फोन येतो तो बऱ्याचदा यासाठीच. मुदतीच्या आत दिलेल्या लेखी कबुलीने ३ वर्षं पुन्हा नव्याने सुरू होतात. मुदत उलटल्यावरही सहीनिशी पैसे देण्याचं वचन दिलंत तर त्यावर दावा होऊ शकतो.

गैरहजर राहिलात आणि एकतर्फी हुकूमनामा झाला, तर तो रद्द करून घेण्यासाठी ३० दिवस मिळतात. समन्स नीट बजावलंच नसेल तर हे दिवस तुम्हाला हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. तेही गेलं तर पगारावर जप्ती येऊ शकते. पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित असतात, म्हणजे ४०,००० पगारातून महिन्याला १३,००० पर्यंत जाऊ शकतात. पीएफ आणि ग्रॅच्युइटीला हात लावता येत नाही.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. महिला, अनुसूचित जाती-जमातीतले लोक आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा कायदेशीर हक्क आहे. भिलाईसारख्या कारखान्याच्या गावात हा शेवटचा शब्द किती घरांना लागू पडतो, ते सांगायला नको. फोन क्रमांक १५१००.

तडजोड करायची असेल तर लोकअदालत आहे, पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. त्यामुळे सही करण्याआधी रक्कम, हप्त्यांच्या तारखा, 'काही देणं बाकी नाही' हा दाखला आणि सिबिलमधली नोंद दुरुस्त करण्याची अट त्या कागदावर लिहून घ्या.