फार्माकॉलॉजी पाठ होत नाही? औषधं गटानं धरा!

नर्सिंगच्या विद्यार्थ्यांनो, फार्माकॉलॉजीचं पुस्तक पहिल्या पानापासून घोकू नका. नावाच्या शेवटी 'लोल' आलं (अ‍ॅटेनोलोल, मेटोप्रोलोल) की समजा बीटा ब्लॉकर: नाडी मंदावते, बीपी उतरतं, म्हणून डोसआधी दोन्ही बघायचं. एक गट कळला की त्यातली सगळी औषधं हाताशी येतात.

डिगॉक्सिन तर परीक्षेसाठी सोनंच! छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण एक मिनिट ठोके मोजा. मोठ्या माणसात 60 च्या खाली असतील तर डोस थांबवून डॉक्टरांना कळवा. पोटॅशियम कमी झालं की विषबाधेचा धोका वाढतो, म्हणून सोबत पोटॅशियम घटवणारं फ्युरोसेमाइड चालू असेल तर पोटॅशियमचा रिपोर्ट बघाच. 'का' कळलं की हे सगळं आपोआप लक्षात राहतं.

सलाईनचं गणित रोज एक तरी सोडवा, कागदावर. 500 मिली, 8 तास, मिलीला 20 थेंबांचा सेट: 500 गुणिले 20, भागिले 480 मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 21 थेंब. तासांची मिनिटं करायला विसरलात की मार्क गेले.

आणि रात्री पुस्तक मिटून रूममेटला समजावून सांगा. जिथं अडखळाल, तेवढंच पान पुन्हा उघडा.