फाटा कुठे फोडायचा?
(पर्यायी वेस्टमिन्स्टर : भाग ३)

मागच्या भागात आपण ब्रिटिश राजकारणावरच्या आपल्या ऑनलाइन खेळाचा कालखंड ठरवला : १९७९ ते १९८३. आता खरा इतिहास नेमका कोणत्या क्षणी सोडायचा, ते ठरवू. ऑनलाइन राजकीय खेळ आखणारे इथे बहुधा सगळ्यात नाट्यमय प्रसंगाकडे धाव घेतात. या कालखंडातला तसा प्रसंग म्हणजे २८ मार्च १९७९ची रात्र. पंतप्रधान कॅलहान यांचं मजूर सरकार अविश्वास ठरावावर ३११ विरुद्ध ३१० असं एका मताने पडलं. मजूर पक्षाचे सर आल्फ्रेड ब्रॉटन अत्यवस्थ होते, त्यांना मतदानाला आणलं गेलं नाही. ते आले असते तर?

मोह पडावा असाच प्रसंग आहे, पण मी तो घेणार नाही. ते सभागृह ऑक्टोबर १९७४मध्ये निवडून आलं होतं. सरकार वाचलं असतं, तरी १९७९ सरायच्या आत निवडणूक घ्यावीच लागली असती, आणि हिवाळ्यातल्या संपांनी वैतागलेला मतदारही तोच राहिला असता. फाटा फुटतो आणि काही महिन्यांत पुन्हा मूळ रस्त्याला येऊन मिळतो. खेळाडूंच्या करण्याने फरक पडायला वावच उरत नाही.

माझी पसंती २७ सप्टेंबर १९८१ला. ब्रायटनला मजूर पक्षाचं अधिवेशन, उपनेतेपदासाठी डेनिस हीली विरुद्ध टोनी बेन. आधी ही निवड फक्त खासदार करत. त्या वर्षी नवी पद्धत आली : कामगार संघटनांना ४० टक्के वजन, खासदारांना ३०, मतदारसंघांतल्या शाखांना ३०. दुसऱ्या फेरीत हीलींना ५०.४२६ टक्के मिळाले, बेन यांना ४९.५७४. अंतर एक टक्काही नाही!

एवढ्याशा अंतरात फाटा कुठेही फोडता येतो. खासदारांपैकी चार-पाच जण फिरले असते, तरी निकाल उलटला असता. नील किनक यांच्यासारखे डावे खासदार तर दुसऱ्या फेरीत तटस्थ राहिले होते. पण ‘चार-पाच जणांचं मन बदललं’ हे कारण मला लंगडं वाटतं. त्यापेक्षा ‘नुपे’ ही सार्वजनिक सेवेतल्या कर्मचाऱ्यांची संघटना बघा. तिचं नेतृत्व डावीकडे झुकलेलं, पण तिने सभासदांचा कौल घेतला, तो हीलींच्या बाजूने गेला आणि संघटनेची सगळी मतं हीलींना पडली. आपल्या खेळात नेतृत्व कौल न घेताच मत टाकतं. एका समितीचा एक निर्णय बदलला, की बेन उपनेते होतात. फाटा असा हवा : कोणी, कुठे बसून, काय वेगळं केलं, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे.

यातूनच पात्रांची यादी ठरते. सगळ्यांनाच थॅचर, मजूर पक्षाचे नेते मायकेल फूट किंवा मजूर पक्षातून फुटून सोशल डेमोक्रॅटिक पक्ष (एसडीपी) काढणारे रॉय जेंकिन्स व्हायचं असतं. पण ४० टक्के वजन ज्यांच्या हातात आहे, त्या संघटनांचे सरचिटणीस कुणी खेळलेच नाहीत, तर हा मजूर पक्ष नुसता नावाचा उरेल. मी निदान तीन खेळाडू तिथे बसवेन. प्रतोदाची भूमिका सगळ्यात भरवशाच्या, रोज डिस्कॉर्डवर हजर असणाऱ्या माणसाला द्या.

मराठी खेळाडूंना एक गोष्ट आधीच बजावून ठेवायला हवी. आपल्याकडे १९८५पासून पक्षांतरबंदी कायदा आहे. पक्ष सोडला की अपात्रता, फूट की विलीनीकरण, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. ब्रिटनमध्ये असा कायदा नाही. एसडीपीकडे मजूर पक्षाचे २८ खासदार गेले आणि एकाचीही खासदारकी त्यामुळे गेली नाही. ब्रूस डग्लस-मान यांनी मात्र तत्त्व म्हणून राजीनामा दिला, जून १९८२मध्ये मिचम आणि मॉर्डनची पोटनिवडणूक लढवली, आणि जागा हुजूर पक्षाने नेली. खेळातही हा पर्याय खुला ठेवा. सचोटीची किंमत काय पडते, हे खेळाडूला अनुभवता आलं पाहिजे.

फॉकलंडचं युद्ध ठेवायचं का? ठेवायचं. एप्रिल १९८२मध्ये तिथे सैन्य उतरवण्याचा निर्णय अर्जेंटिनाच्या लष्करशहांचा होता. मजूर पक्षाचा उपनेता कोण, याचा त्याच्याशी संबंध नाही. युद्ध येणार हे खेळाडूंना ठाऊक असेल, पण त्यांच्या पात्रांना नाही. त्या माहितीवर आधी चाल खेळणाऱ्याची चाल खेळाच्या संचालकाने सरळ रद्द करावी.

आणि मतांवरून जागा काढण्याची, म्हणजे मतदारसंघात सर्वाधिक मतं मिळवणारा जिंकतो ही पद्धत? तिला हात लावू नका. १९८३मध्ये एसडीपी-लिबरल युतीला २५.४ टक्के मतं आणि २३ जागा मिळाल्या. मजूर पक्षाला २७.६ टक्के आणि २०९ जागा. हे आकडे बघून युतीकडून खेळणारे चिडतील, प्रमाणात जागा मागतील. देऊ नका. त्या काळातलं मध्यममार्गी राजकारण ज्या भिंतीवर आदळलं, ती हीच. ती काढलीत, तर बेन जिंकल्यावर पक्ष सोडू की नको, हा उजव्या मजूर खासदारापुढचा पेच सैल पडतो, आणि मला खेळात हवा आहे तो नेमका तोच पेच.

पहिली पाळी सोमवार, २८ सप्टेंबर १९८१ची. मायकेल फूट खेळणाऱ्याने नव्या उपनेत्याबरोबर पत्रकारांना सामोरं जायचं, हीली खेळणाऱ्याने पक्षात राहायचं की नाही ते संचालकाला गुप्तपणे कळवायचं, आणि एसडीपीच्या शर्ली विल्यम्स खेळणारीने त्याच दिवशी किमान दहा मजूर खासदारांना फोन लावायचे. जनमताचे आकडे दर आठवड्याला कसे हलवायचे, ते पुढच्या भागात.