पहिला कॅमेरा घेताना

घरातली मुलगी किंवा मुलगा ‘मला डीएसएलआर घ्यायचा आहे’ म्हणतो, तेव्हा आईवडील दोन प्रश्न विचारतात: पैसे किती आणि उपयोग काय? आम्हाला वाटते, उपयोगाचे उत्तर आधी शोधावे. पैशांचा हिशेब त्यावरूनच ठरतो.

नाशिकमधल्या आपल्या लग्नांचेच पाहा. निकाह, मेहंदी, वलीमा यांत स्त्रियांची बैठक वेगळी असते. तिथे परका पुरुष कॅमेरा घेऊन फिरलेला अनेक घरांना रुचत नाही, म्हणून मोबाइलवरच भागवले जाते. छायाचित्रण शिकलेल्या मुलीला इथे काम आहे, मान आहे आणि घराला हातभारही आहे.

हे काम बहुधा हॉलमध्ये, मंद दिव्यांत चालते. कॅमेऱ्यासोबत मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स स्टेजवरचे सगळे कुटुंब फ्रेममध्ये घेते. पण ५५ मिमीला तिचे तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिमीची एफ/१.८ लेन्स सुमारे साडेनऊ पट प्रकाश आत घेते. म्हणून महागड्या बॉडीपेक्षा साधी बॉडी आणि या दोन लेन्स घेणे शहाणपणाचे.

कॅनन आणि निकॉन या कंपन्या २०१८ नंतर मिररलेसकडे वळल्या, त्यामुळे अनेकांनी आपले डीएसएलआर विकायला काढले. कॅनन १५००डी किंवा निकॉन डी३५०० यांत २४ मेगापिक्सेल मिळतात; अल्बमसाठी ते भरपूर झाले. मात्र डी३५०० च्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी ‘एएफ-डी’ लेन्स लावली तर फोकस हातानेच करावा लागतो; ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ लेन्स मागावी.

वापरलेला कॅमेरा घेताना मूळ बिल पाहा. शटर किती वेळा पडले ते विचारा. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या फाइलमधूनच कळतो. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्स उजेडाकडे धरून आत बुरशीची जाळी नाही ना, तेही तपासा. पावसाळ्यात कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

व्याजाच्या हप्त्यापेक्षा थोडे थांबून साठवलेल्या पैशांतून घेतलेला कॅमेरा बरा. तोवर एखाद्या दिवसासाठी तो भाड्याने आणून हात बसवता येतो. पांडवलेण्यांतला अंधुक उजेड हा हॉलसाठी उत्तम सराव. नांदूर मध्यमेश्वरचे पक्षी मोह घालतील, पण त्यांना लागणारी लांब पल्ल्याची लेन्स हा वेगळा खर्च आहे. तो कमाईतून करावा.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणला, तेव्हा आधी घरच्या वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. शिकण्याचा क्रम आजही तोच आहे: आधी घर, मग मांडव.

शेवटची गोष्ट कोणत्याही दुकानात मिळत नाही. कार्डावरचे फोटो ही त्या घराची अमानत आहे. परवानगीशिवाय एकही फोटो स्टेटसला ठेवू नये, आणि घरच्यांच्या हाती सोपवेपर्यंत दोन ठिकाणी जपून ठेवावेत. पुढच्या लग्नाचे बोलावणे या भरवशावरच येते.