विश्लेषण : खोल्या स्वस्त, दर्या खवळलेला… पावसाळ्यात कोकण-गोव्याला जावे का?

जून उजाडला की गोवा आणि कोकण किनाऱ्यावरील हॉटेलांचे दर उतरतात आणि ‘पावसाळी पॅकेज’च्या जाहिराती सुरू होतात. डिसेंबरमध्ये न परवडणारी खोली जुलैत आवाक्यात येते. मात्र त्याच सुमारास किनाऱ्यावर लाल बावटे लागतात, होड्या ओढून वर घेतल्या जातात आणि पर्यटक बुडाल्याच्या बातम्याही येऊ लागतात. या काळात किनाऱ्यावर काय मिळते, काय मिळत नाही आणि समुद्र इतका धोकादायक का होतो, याविषयी…

‘ऑफ सीझन’ नेमका कधी?

नैर्ऋत्य मोसमी वारे साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गोवा आणि कोकण व्यापतात. मुंबईत ते पोहोचण्याची सरासरी तारीख ११ जून, तर परतण्याची ८ ऑक्टोबर आहे. या चार महिन्यांत कोकण-गोवा विभागात सरासरी सुमारे २९०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याच्या तुलनेत हे प्रमाण चौपटीहून अधिक आहे. जुलैचा जोर सर्वाधिक असतो. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून उघडीप वाढते. गणेशोत्सवात मात्र चाकरमान्यांमुळे कोकणात गर्दी उसळते. त्या दिवसांत रेल्वेचे आरक्षण मिळणेही कठीण असते.

कोणत्या गोष्टी बंद असतात?

महाराष्ट्रात साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट या काळात किनाऱ्यावरील जलक्रीडा आणि पर्यटक होड्या बंद ठेवल्या जातात. त्यामुळे मालवणचे स्कूबा डायव्हिंग नाही, तारकर्लीची डॉल्फिन सफर नाही. सिंधुदुर्ग आणि जंजिरा हे किल्ले किनाऱ्यावरूनच पाहावे लागतात. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या प्रवासी बोटीही या काळात थांबतात. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी रो-रो सेवा हवामान पाहून चालवली जाते. गोव्यात किनाऱ्यांवरचे शॅक मेअखेर उतरवले जातात. दूधसागरला कुळेहून जाणाऱ्या जीप पावसाळ्यात बंद असतात, आणि रेल्वेमार्गावरून चालत धबधबा गाठण्यास मनाई आहे. म्हणजे हंगामातलीच सहल कमी पैशांत मिळते, असे नाही. खोलीचा दर कमी असतो तो समुद्रातल्या बहुतेक गोष्टी बंद असतात म्हणून.

समुद्र धोकादायक का होतो?

हिवाळ्यात शांत असणाऱ्या अरबी समुद्रावर पावसाळ्यात जोरदार वारे थेट किनाऱ्याच्या दिशेने वाहतात. खुल्या समुद्रात तीन-चार मीटर उंचीच्या लाटा तयार होतात. त्या किनाऱ्यावरची वाळू ओढून नेतात, त्यामुळे पुळणीचा उतार बदलतो. मार्चमध्ये जिथे कमरेएवढे पाणी होते, तिथे जुलैत खड्डा असू शकतो. दुसरे कारण परतीच्या प्रवाहाचे. लाटांनी किनाऱ्याशी आणून टाकलेले पाणी एखाद्या चिंचोळ्या वाटेने वेगाने समुद्रात परतते. यालाच ‘रिप करंट’ म्हणतात. या वाटेवर लाटा कमी फुटतात, त्यामुळे तेवढाच पट्टा शांत दिसतो. नवखा पर्यटक सुरक्षित समजून नेमका तिथेच उतरतो.

याशिवाय पावसाळ्यात मुंबई आणि परिसराच्या किनाऱ्यांवर ‘ब्लू बॉटल’ हे डंख करणारे निळसर जीव वाहून येतात. किनाऱ्यावर मेलेले दिसले तरी त्यांना हात लावू नये.

प्रवाहात सापडल्यास काय करावे?

किनाऱ्याच्या दिशेने, प्रवाहाविरुद्ध हातपाय मारणे ही सर्वात मोठी चूक ठरते. पट्टीचा पोहणाराही त्यात दमतो. हा प्रवाह माणसाला खाली खेचत नाही, आत नेतो. त्यामुळे आधी तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या पट्ट्याबाहेर पडावे. बुडणाऱ्याला वाचवायला मित्रांनी एकामागून एक उड्या टाकल्यास बळी वाढतात. दोर, रिकामा कॅन, टायरची ट्यूब असे तरंगणारे काहीही फेकावे, जीवरक्षकांना बोलवावे आणि ११२ या क्रमांकावर कळवावे. गोव्यातील प्रमुख किनाऱ्यांवर पावसाळ्यातही जीवरक्षक असतात. कोकणातील अनेक पुळणींवर तेही नसतात. तिथे गावकऱ्यांनी ‘पाण्यात जाऊ नका’ सांगितले, तर तो शब्द अखेरचा मानावा.

ताजी मासळी मिळते का?

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. हा अनेक माशांचा प्रजननाचा काळ, आणि खवळलेल्या समुद्रात मच्छीमारांच्या जिवालाही धोका असतो. पूर्व किनाऱ्यावरील बंदी १५ एप्रिल ते १४ जून अशी असल्याने नंतर तिकडची मासळी इकडे येऊ शकते. त्यामुळे जुलैत ताटात आलेला पापलेट बर्फातला किंवा दूरवरून आलेला असण्याची शक्यता अधिक. या दिवसांत इथली खरी चव खाडीतल्या मासळीत, सुकटीत आणि टाकळा, भारंगी, फोडशी, शेवळे अशा रानभाज्यांत असते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करण्याची कोळी बांधवांची प्रथा नव्या हंगामाची नांदी ठरते.

मग जायचे कशासाठी?

पाण्याऐवजी जमिनीसाठी. भातलावणी, जांभ्या दगडाच्या सड्यांवर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलणारी रानफुले, धुक्यातले घाट हे सारे याच दिवसांत पाहायला मिळते. गोव्यात २४ जूनला सांजांव साजरा होतो. डोक्यावर पानाफुलांचे ‘कोपेल’ घालून तरुण विहिरींत उड्या मारतात. २९ जूनला होड्या एकत्र बांधून ‘सांगोड’ निघतो, आषाढात माशेलला चिखलकाला रंगतो आणि ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरा असतो. या काळात घरगुती निवास आणि खानावळी चालवणाऱ्यांचे उत्पन्न आटते. आलेला पाहुणा त्यांच्यासाठी मोलाचा असतो.

नियोजन कसे करावे?

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळे वेळापत्रक लागू करते. २०२५ मध्ये ते १५ जून ते २० ऑक्टोबर होते. गाड्यांचा वेग कमी ठेवला जात असल्याने प्रवासाला अधिक वेळ लागतो. घाटात दरड कोसळण्याची शक्यता गृहीत धरून रात्रीचा रस्ताप्रवास टाळावा आणि परतीला एक दिवस राखीव ठेवावा. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा जिल्हानिहाय इशारा, तसेच हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा उंच लाटांचा इशारा पाहावा. मोटार पुळणीवर उतरवू नये. भरतीत ती वाळूत रुतल्यावर बाहेर काढणे अवघड जाते. खोली घेताना वीज गेल्यास जनरेटर किंवा इन्व्हर्टर आहे का, स्वयंपाकघर सुरू आहे का आणि ‘रेड अलर्ट’मुळे बेत रद्द झाल्यास पैसे परत मिळतात का, हे आधीच विचारून घ्यावे.