तुळशीच्या अर्काची परीक्षा
तुळस जंतू मारते का, हे तपासायची रीत सोपी आहे. सुकवलेली पानं कुटून अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळायची, अल्कोहोल उडवून टाकायचं. पेट्री डिशमधल्या अगारवर जिवाणू पसरायचे, त्यात भोक पाडून अर्क सोडायचा आणि डिश रात्रभर 37 अंश सेल्सिअसला ठेवायची. सकाळी अगारवर जिवाणूंची दुधाळ साय धरलेली असते. अर्कात दम असेल तर भोकाभोवती स्वच्छ रिंगण दिसतं. ते मिलिमीटरमध्ये मोजतात.

तुळशीतलं युजेनॉल (लवंगेतलं झणझणीत द्रव्य तेच) जिवाणूच्या पेशीपटलाला गळती लावतं. ई. कोलाय या जिवाणूला बाहेरून आणखी एक पटल असतं, म्हणून तो बहुधा स्टॅफिलोकॉकस जिवाणूपेक्षा चिवट ठरतो.

पण रिंगणाच्या आकारावर फार भाळू नये. तेलकट द्रव्यं पाणीदार अगारमध्ये नीट पसरत नाहीत, त्यामुळे गुणी अर्कही नापास होतो. म्हणून अर्क पातळ करत नेऊन, कमीत कमी किती मात्रेला वाढ थांबते तेही पाहतात. शेजारच्या भोकात, अर्क ज्यात विरघळवला तो द्रावक नुसता हवाच, नाहीतर श्रेय द्यायचं कुणाला? व्हॉट्सअ‍ॅपवरच्या काढ्यांची ही परीक्षा कोण घेणार! काढा तर पाण्यात उकळतात, आणि युजेनॉल पाण्यात जेमतेम विरघळतं आणि उघड्या भांड्यात उकळलं की बरंचसं वाफेबरोबर निघून जातं.