रेंज नाही की सर्व्हर बंद?



गेल्या महिन्यात मी आजीबरोबर रेशनच्या दुकानात गेले होते. आजीने मशीनवर अंगठा ठेवला. काहीच झाले नाही. पुन्हा ठेवला. दुकानदार म्हणाले, "नेट नाही, उद्या या." दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. रिकामी पिशवी घेऊन येताना आजी म्हणाली, "खुरपून खुरपून माझा अंगठाच झिजला गं. आता धान्य कसं मिळायचं?" मला फार वाईट वाटले. मी शाळेत बाईंना विचारले. त्यांनी जे समजावून सांगितले ते मी येथे लिहीत आहे.

रेंज : फोन आणि ते मशीन रेडिओलहरींनी टॉवरशी बोलतात. या लहरी डोळ्यांना दिसत नाहीत. त्या प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. १८९५ साली कोलकात्यात जगदीशचंद्र बोस यांनी अशा लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखवली होती. पण मध्ये डोंगर, जाड भिंत किंवा पत्रा आला की लहरी अशक्त होतात. फोनवरच्या काड्या एवढेच सांगतात, की टॉवरच्या लहरी आपल्यापर्यंत किती जोरात येतात.

बँडविड्थ : ही पाटाची रुंदी समजा. रुंद पाटातून एका वेळी जास्त पाणी जाते. जत्रेच्या दिवशी काड्या पूर्ण असतात, तरी फोटो जात नाही. कारण पाट तोच आणि पाणी घेणारे हजार!

वाय-फाय : पुष्कळ जणांना वाटते, वाय-फाय म्हणजेच इंटरनेट. तसे नाही. राउटर नावाच्या डब्यापासून आपल्या फोनपर्यंतचा बिनतारी रस्ता म्हणजे वाय-फाय. राउटरच्या पुढे बहुतेक ठिकाणी तार असते. आता पुष्कळ ठिकाणी ती केसाएवढ्या बारीक काचेची असते आणि तिच्यातून उजेड धावतो. तिला ऑप्टिकल फायबर म्हणतात. ती तुटली तर फोनवर वाय-फाय दिसते, पण नेट चालत नाही.

ब्लूटूथ : हा अगदी जवळचा बिनतारी रस्ता. साधारण १० मीटर. हे नाव डेन्मार्कच्या एका जुन्या राजावरून ठेवले आहे. आम्ही वर्गात खूप हसलो, कारण त्याचा अर्थ होतो निळा दात!

पॅकेट आणि आयपी पत्ता : माहिती एकगठ्ठा जात नाही. तिचे लहान लहान तुकडे करतात. ती पॅकेटे. प्रत्येक पॅकेटवर कोठे जायचे तो आकड्यांचा पत्ता असतो. पोस्टमन जसा पत्ता वाचतो, तसा राउटर तो वाचून पॅकेट पुढे पाठवतो.

सर्व्हर : दूर कोठेतरी ठेवलेला मोठा संगणक. आपण विचारायचे आणि त्याने उत्तर द्यायचे.

आता आजीचा अंगठा. त्याचा ठसा मशीनमधून टॉवरकडे, तेथून तारेने सर्व्हरकडे जातो. सर्व्हर तो जुळवून पाहतो आणि उत्तर पाठवतो. रेंज नसेल तर ठसा दुकानातून बाहेर पडतच नाही. सर्व्हर बंद असेल तर ठसा जातो, पण उत्तर देणारा कोणी नसतो. ठसा जुळला नाही, तरच सर्व्हरकडून तसे उत्तर येते. तेव्हा दुसरे बोट लावून पाहता येते. आजीच्या वेळी काही उत्तरच आले नव्हते. म्हणजे अंगठ्याचा दोष ठरलाच नव्हता!

मी घरी जाऊन हे आजीला सांगितले. ती दोन वेळा "पुन्हा सांग" म्हणाली. तिसऱ्या दिवशी आम्ही गेलो. मशीन पुन्हा गप्प. आजीने विचारले, "का रे बाबा, रेंज नाही का सर्व्हर बंद हाय?" सगळे तिच्याकडे बघू लागले. दुकानदारांनी पाहिले, तर रेंज नव्हती. वर पत्र्याचे छप्पर होते. ते मशीन घेऊन बाहेर लिंबाखाली आले. आजीने अंगठा ठेवला आणि लगेच पावती आली.

म्हणून मित्रांनो, "नेट नाही" एवढे ऐकून परत फिरू नका. कोठे अडले आहे ते विचारा. आणि घरी आजी-आजोबा असतील तर त्यांना हे शब्द नक्की सांगा.

— इयत्ता ४ थी